एका हाताचा साचा

लुडविक तळघरातलं सगळं सामान विकतोय, ही बातमी झेलेझ्निकी गावात सगळ्यांत आधी शेजारच्या सिल्वोला कळली. घेणारा तोच होता, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. नवल हे, की लुडविकच्या बायकोला, मिलोयकाला, ती सगळ्यांत शेवटी कळली, आणि तीही पावाच्या दुकानात. पुढे उभी असलेली बाई मागे वळून म्हणाली, आता तळघर रिकामं झालं की बटाटे ठेवायला छान जागा होईल तुला. मिलोयकाने मान डोलावली, पाव घेतला आणि घरी येईपर्यंत त्या पावाचा कोपरा चुरून टाकला.

लुडविक खिडकीशी बसला होता. प्लमच्या दिवसांत त्याला झटका आला, उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा परत आला, आणि तेव्हापासून त्याच्या मधपेट्या सिल्वो सांभाळू लागला आणि ती खिडकी त्याची झाली. खाली सोरा नदी, नदीवर पूल, पुलावर कोण कोणाशी बोलतं ते तो बघायचा आणि त्यावर शेरे मारायचा. जीभ शाबूत होती. देवाने नेमका हात न्यावा आणि जीभ ठेवावी, असं मिलोयका एकदा रागाने म्हणाली होती आणि मग दिवसभर तिलाच वाईट वाटत राहिलं होतं.

सामान विकायचं कोणी ठरवलं, असं तिने विचारलं. मी, तो म्हणाला. करवतीचं मशीन, मोठं टेबल, रंधे, पटाश्या, सगळं. मार्चमध्ये संत ग्रेगोरचा सण असतो, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी सिल्वो गाडीला ट्रेलर लावून येणार आहे.

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"लाकडाला दोन हात लागतात, म्हातारे. एक धरायला, एक कापायला. माझ्याकडे एकच उरलाय. यात तुला काय सांगायचं? तुला मोजता येतं की."

तिने चुरलेला पाव टेबलावर ठेवला. बोलण्यासारखं तिच्याकडे होतं, पण ते तळघरात, जुन्या चादरीखाली झाकलेलं होतं, आणि अजून पुरं झालं नव्हतं.

हे चादरीखालचं प्रकरण नाताळनंतर सुरू झालं. लुडविकला हाताच्या व्यायामासाठी दवाखान्याची गाडी शहरात घेऊन जायची. गाडी वळणाआड गेली की मिलोयका एप्रन बांधून तळघरात उतरायची. ती सुताराची बायको होती, सुतार नव्हती. तिचा सगळा जन्म शर्टांच्या कारखान्यात गेला. पण कॉलर शिवणारी बाई एक गोष्ट पक्की जाणते: हातांना जे धरता येत नाही ते टाचणी धरते, आणि जे टाचणीला धरता येत नाही त्याला पट्टी लागते. दोन हातांत मावणार नाही एवढं काम रोज तिच्या हाताखालून जायचं. मग लाकडाचं असं काय मोठं आहे, असं तिला वाटलं. लाकूड निदान सुळसुळत तरी नाही.

तिला करायचा होता एक साचा. जाड प्लायवूडचा पाट, त्यात सारख्या अंतरावर भोकांच्या रांगा. भोकांत बसतील अशा बीचच्या खुंट्या. खुंट्यांवर बसतील अशा आडव्या पट्ट्या, ठोकळे आणि पाचरी. स्क्रू एकही नाही, कारण स्क्रू फिरवताना दुसऱ्या हाताने काहीतरी धरावं लागतं. पाचर मात्र एका हाताने ठोकता येते आणि एका हाताने निघते. आज मधपेटीची चौकट करायची तर खुंट्या या भोकांत. उद्या फळी कापायची तर त्याच खुंट्या त्या भोकांत. एकच पाट, आणि त्यावर हवा तो साचा मांडायचा. लाकूड धरायचं काम पाटाने करायचं, माणसाने फक्त ठोकायचं.

पहिला पाट सरळ चुलीत गेला. तिने भोकं नजरेने पाडली होती आणि रांगा नदीसारख्या वळल्या होत्या. दुसऱ्या वेळी तिला अक्कल आली. कपडे बेतायचा चौकटींचा कागद तिने पाटावर खळीने चिकटवला, प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात टोच्याने टोचलं आणि मग ड्रिल लावलं. कागद ओल्या फडक्याने पुसून काढला तेव्हा भोकं शिस्तीत उभी होती. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. चांगल्या शिलाईकडे ती अशीच बघायची.

मग कटकटी सुरू झाल्या. एकाच मापाने कापलेल्या पट्ट्या हळूहळू आखूड निघू लागल्या. तिने करवतीला शिव्या दिल्या, मोजपट्टीला दिल्या, घराण्याला दिल्या. शेवटी चष्मा पुसून वाकली तर दिसलं की पट्टी जिथे ठोकळ्याला टेकते त्या कोपऱ्यात भुसा साठतो आणि पट्टी टेकतच नाही, भुशाला टेकते. तिने ठोकळ्याचा खालचा कोपरा पटाशीने किंचित उडवला, भुसा तिथे पडू लागला आणि मापं बरोबर येऊ लागली. ही युक्ती कोणाला तरी सांगावी असं तिला फार वाटलं. सांगण्यासारखा माणूस एकच होता, आणि नेमकं त्यालाच सांगायचं नव्हतं.

कारण लुडविकला साच्यांचा तिटकारा होता. तीस वर्षं तो खुर्च्यांच्या कारखान्यात साच्यापुढे उभा होता. खुर्चीचा मागचा पाय, रोज तोच पाय. साच्यात घाल, दांडा ओढ, काढ. "तिथे मी नसतो तरी चाललं असतं, दांडा ओढायला माकडही पुरलं असतं," असं तो म्हणायचा. म्हणून घरी त्याने साचा कधी येऊ दिला नाही. घरी डोळा, बोट आणि काटकोन बघायला गुण्या. शेजारचे लोक हौसेने साचे करायचे, तेव्हा तो त्यांची खिल्ली उडवायचा. आता त्याच माणसासाठी साचा करायचा म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्यासारखं होतं, आणि हे मांजर तर बोलणारं होतं.

पाट करताना मिलोयका दोन्ही हात वापरायची. पण तो चालतो का हे बघायची वेळ आली की एक हात मागे नेऊन एप्रनच्या नाड्यांत अडकवायची आणि उरलेल्या एका हाताने चौकट जुळवून बघायची. सुरुवातीला सगळं निसटायचं. पट्टी पडायची, खिळा घरंगळायचा, आणि मागचा हात सवयीने धावायला बघायचा, त्या ओढीने नाड्या मनगटात रुतायच्या. तेव्हा तिला कळलं की लुडविक दिवसभर कशाशी झगडत असतो. तिला तळघरात एकटीला रडू आलं. रडून झाल्यावर तिने एक पाचर बदलली. खिळ्यांसाठी मऊ लाकडात उभ्या चिरा केल्या, म्हणजे खिळा उचलायचा तर डोक्याशीच हात जाईल, आणि टोक लाकडात दाबलं की तो हाताशिवाय उभा राहील. असं करत करत एक दिवस चौकट एका हाताने उभी राहिली, काटकोनात आणि घट्ट.

आणि त्याच आठवड्यात ती पावाच्या दुकानात गेली.

ग्रेगोरच्या आदल्या दिवशी गावातली पोरं सकाळपासून पुठ्ठ्याची आणि लाकडाची घरं घेऊन पुलावर ये-जा करत होती. संध्याकाळी त्यांच्यात मेणबत्त्या लावून ती पाण्यात सोडायची. आता दिवस मोठा झाला, कारागिराला दिव्याची गरज नाही, दिवा नदीला. लोहार-सुतारांची जुनी रीत. दर वर्षी लुडविक त्या पोरांसाठी घरं करून द्यायचा, चर्चसकट. या वर्षी पोरं खिडकीखालून गेली तेव्हा त्याने पडदा ओढला.

जेवताना मिलोयकाने त्याच्या ताटातलं मांस कापून दिलं, ताट त्याच्या डाव्या हाताकडे सरकवलं आणि म्हणाली, सिल्वो यायच्या आत एकदा खाली चल.

कशाला, तो म्हणाला. तिने सांगितलं: एक चौकट कर. एकच. जमली नाही तर ट्रेलरवर सामान चढवायला मी स्वतः सिल्वोला हात देईन, तोंडातून शब्द काढणार नाही.

"शब्द काढणार नाहीस? तू?"

"एकही नाही."

हे आमिष त्याला बहुतेक मोठं वाटलं असावं, कारण तो उठला. जिना उतरायला वेळ लागला. तो काठी टेकायचा, डावा पाय टाकायचा, उजवा ओढायचा. ती पुढे राहिली, पडलाच तर आपल्यावर पडावा म्हणून. खाली तोच सरसाचा आणि भुशाचा वास होता. लुडविक दारातच थांबला आणि नाकाने श्वास घेत राहिला. मग तिने चादर काढली.

त्याने काठीच्या टोकाने एका खुंटीला टोचलं.

"कारखाना," तो म्हणाला. "तीस वर्षं ज्याच्यापासून पळून या जिन्याने खाली येत होतो, ते तू माझ्याच टेबलावर आणून मांडलंस."

ठरवलेलं सगळं बोलणं ती विसरून गेली. ती एवढंच म्हणाली की कबूल केलंयस, एक चौकट. आणि पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या.

लुडविकने काठी टेबलाला टेकवली, डाव्या हाताने पट्टी उचलली आणि ठोकळ्यांच्या मधे ठेवली. हाताला सगळं आठवत होतं, चुकीच्या हाताला का होईना. पट्टी बसली. आता पाचर ठोकायची. पाचर उजवीकडे होती. हातोडी उजवीकडे होती. खिळे उजवीकडे, करवतीच्या खाचेचा ठोकळा उजवीकडे. त्याने डावा हात पोटावरून पलीकडे नेला. मधे त्याचाच उजवा हात लोंबत होता, तो आडवा आला. तो आणखी वळला, तसा सगळा भार उजव्या पायावर गेला आणि पाय दुमडला. तिने त्याला काखेत धरलं. काठी फरशीवर पडली, चिरांतले खिळे सांडले.

दोघं तशीच उभी राहिली, धापा टाकत.

"झालं," लुडविक म्हणाला. "केली एक चौकट. आता सिल्वोला बोलाव."

मिलोयका पाटाकडे बघत होती. तिला कळलं होतं. सगळा हिवाळा, गाडी वळणाआड गेल्यापासून परत येईपर्यंत, ती जे करत होती ते एका नजरेत कळलं. तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि स्वतः टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. शब्द काढायचा नाही असं कबूल केलं होतं, तेही विसरली.

"मी करून बघितलं होतं रे," ती म्हणाली. "एका हाताने. रोज. चौकट होत होती. हात मागे बांधून करत होते मी."

लुडविकने वर बघितलं. "कुठला?"

तिने डावा हात पुढे केला. मनगटावर नाड्यांचा वळ होता. वर जेवणघरात तो वळ त्याने बघितला होता आणि पिठाच्या चाळणीचा असेल म्हणून सोडून दिला होता. आता त्याने ते मनगट हातात घेतलं आणि अंगठा वळावरून फिरवला.

"डावा बांधलास," तो म्हणाला. "रोज माझ्या ताटातलं मांस कापतेस, बटणं लावतेस. तेव्हा बरोबर कळतं कुठला मेलाय ते."

"वर कळतं." ती म्हणाली. "इथे खाली नाही कळलं. इथे तू माझ्या डोळ्यांपुढे असतोस तो अजून तसाच. उजव्या हातात हातोडी, तोंडात खिळे. मी त्याच्यासाठीच केलं हे सगळं. मला दुसरा सुचलाच नाही."

वर रस्त्यावरून पोरांचा घोळका गेला. कोणाचं तरी घर आत्ताच मोडलं होतं आणि ते रडत होतं. लुडविक ऐकत राहिला. त्याने तिचं मनगट सोडलं नव्हतं.

मग त्याने मनगट सोडलं, पुढे झुकला आणि काहीतरी करायचं म्हणून जवळची पाचर तळव्याने ठोकली. ती निघाली. मग त्याने खुंटी धरून ओढली. तीही निघाली, अलगद, ना घट्ट ना सैल. त्याने ती खुंटी बोटांत फिरवून बघितली, उजेडाला धरली.

"ही भोकं तू कशी पाडलीस?"

कागदाने, तिने नाक पुसत सांगितलं. कपडे बेतायच्या.

"हं." त्याने खुंटी पाटाच्या दुसऱ्या टोकाच्या भोकात घातली. बसली. दुसरी काढली, ती घातली. बसली. पाचर उलटी केली, तर तिचा उतार आपोआप दुसऱ्या बाजूला आला. ठोकळा फिरवला. त्याचा उडवलेला कोपरा त्याला दिसला, त्याने त्यात नख घातलं.

"हे कशाला?"

"भुशासाठी. नाहीतर माप आखूड येतं."

त्याने तिच्याकडे बघितलं. कारखान्यात आम्हाला हे सुचायला वर्ष लागलं होतं, असं तो पुटपुटला. मग पुन्हा कामाला लागला. मिलोयका पुढे होऊ गेली तर त्याने कोपराने तिला मागे सारलं. उजवीकडचं एकेक डावीकडे गेलं: पाचर, हातोडी, करवतीची खाच, खिळ्यांचा ठोकळा. एका हाताने हलवता यावं म्हणूनच तर ते केलं होतं. सांडलेले खिळे मात्र तिने वेचून दिले, कारण वाकणं त्याला जमत नव्हतं, आणि ते त्याने चालवून घेतलं.

सिल्वो आला तेव्हा तळघरातून ठोकल्याचा आवाज येत होता. तो दोर खांद्यावर टाकून जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. टेबलावर एक चौकट पडली होती, तिचा कोपरा इतका वाकडा होता की सिल्वोच्या शेंबड्या नातवानेही नाकारली असती. दुसरी पाटात होती आणि लुडविक तिच्यावर झुकून डाव्या हाताने ठोकत होता. तीन फटके खिळ्यावर, एक लाकडावर, त्यावर एक शिवी.

"काय शेजारीण," सिल्वो हळूच म्हणाला, "मी उद्या येऊ का?"

"वेळेवर आलास," लुडविक न बघता म्हणाला. "स्टुलावर चढ. तो दिवा तिकडून काढून इकडे टांग."

दिवा टेबलाच्या वर डावीकडच्या हुकाला होता. लुडविकने पहिल्यांदा टेबल मांडलं तेव्हापासून तिथेच होता, उजव्या हाताने काम करणाऱ्याला लागतो तसा. आता त्याच्या डाव्या हाताची सावली नेमकी रेषेवर पडत होती.

सिल्वोने दोर खाली ठेवला. मशीन न्यायला आलो तर मला वायरमन केला, असं म्हणत तो चढला. वर चढून त्याने आणखी एक तक्रार केली: आज अख्खं गाव दिवे नदीत सोडायला निघालंय, आणि तू नवा टांगतोयस.

"सोडू दे गावाला. त्यांचं काम झालंय. माझं व्हायचंय. आणि एप्रिलमध्ये माझ्या मधपेट्या तुझ्या हातात राहिल्या तर माश्या तुझ्यासारख्याच आळशी होतील."

यावर सिल्वोने दिवा उजवीकडच्या हुकाला अडकवला, खाली उतरला, खांबाला टेकून उभा राहिला आणि ट्रेलरचं नाव काढलं नाही. शेजाऱ्यांमध्ये असा शहाणा माणूस क्वचित मिळतो. थोड्या वेळाने तो म्हणाला की पोरांची घरं बघायला जायला हवं, आणि रिकामाच निघून गेला. दोर तिथेच विसरला.

दिव्याखाली रेषा स्वच्छ दिसू लागली. लुडविकने दुसरी चौकट पाटातून काढली, गुण्या लावला आणि तोंड वाकडं केलं. अजून कुठेतरी खुंटी एक भोक पुढे हवी होती. पण ते त्याला एकट्याने ठरवता येत नव्हतं, कारण आपलं चुकतं ते पाटामुळे की नवशिक्या हातामुळे, हे त्याला कळेना.

"म्हातारे, एप्रन बांध," तो म्हणाला. "आणि आता उजवा. बघू दे तुझं यंत्र डावखुऱ्याला चालतं का ते."

तिने एप्रन बांधला, उजवा हात मागे नेला आणि पाठ त्याच्याकडे केली. त्याने नाड्यांचं एक टोक डाव्या हातात धरलं, दुसरं दातांत, आणि तिच्या मनगटाभोवती गाठ मारली. दातांत नाडी धरून तो काहीतरी म्हणालाही, ती बहुतेक शिवी होती. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला.

मग ती पाटापुढे उभी राहिली. डाव्या हातात हातोडी किती परकी वाटते, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. अंगठा ठेचायची भीती नाही हे एक बरं, असं ती म्हणाली, आणि लुडविक मागून म्हणाला की बोलू नकोस, कोपर अंगाजवळ धर. तिने कोपर जवळ घेतलं. तिसरा खिळा सरळ गेला.

गाठ केव्हाच सुटली होती. पहिल्याच फटक्याला नाड्या सैल होऊन खाली घसरल्या, हे तिला कळलं होतं. तिने उजवा हात पाठीमागेच ठेवला, मूठ घट्ट मिटून, आणि चौथा खिळा मागितला.